चेहरा पांढरा, आधारकार्ड सावळं

कोड अंगभर पसरून रंग पूर्ण गेला, तर आधार, मतदार ओळखपत्र, पॅन आणि पासपोर्ट यांच्यावरचे फोटो कसे बदलून घ्यायचे, हे २०२३ साली मी मराठीत शोधत होते. हाती लागल्या त्या फक्त 'कोड मुळापासून घालवा'च्या जाहिराती. शेवटी विचारत विचारत, ठेचकाळत सगळं केलं. सप्टेंबर २०२३ मध्ये काम काढलं, जुलै २०२४ मध्ये पासपोर्ट हातात पडला. आमच्यासारख्या कुणाला उपयोग होईल म्हणून क्रमानं लिहून ठेवतेय.

मी कराडची. एका पतसंस्थेत कर्जाच्या टेबलावर बसते. म्हणजे रोज दहा लोकांच्या आधारकार्डावरचा फोटो आणि समोरचा चेहरा जुळवून बघणं हा माझा पोटापाण्याचा धंदाच. माझा मूळ रंग चांगला सावळा. लग्नानंतर, २००६ साली, ओठांच्या कडांना आणि बोटांच्या टोकांना पहिले डाग आले. मलमं झाली, गोळ्या झाल्या, आठवड्यातून दोनदा रजा टाकून नॅरोबँड यूव्हीबीच्या, म्हणजे अतिनील किरणांच्या, पेटीत चष्मा लावून उभं राहणं झालं. काही डाग भरून यायचे, दुसरीकडे नवे उघडायचे. २०१६ नंतर त्यांनी वेगच घेतला. लॉकडाऊन उठला तोवर चेहरा, मान, हात, पाय सगळं पांढरं झालं होतं. भुवया आणि पापण्याही गेल्या त्याच रंगात. आता जुनी मी उरलेय ती डाव्या कानामागच्या एका ठिपक्यात.

डॉक्टर याला युनिव्हर्सल व्हिटिलिगो म्हणतात. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच रंग तयार करणाऱ्या पेशींवर उलटते, एवढंच यात घडतं. शिवल्यानं पसरत नाही, कुष्ठरोगाशी काही संबंध नाही. हे मी इतक्यांदा इतक्या लोकांना सांगितलंय की झोपेतही सांगेन.

अंगावर डाग होते तोवर लोकांना लगेच कळायचं, हिला कोड आहे. डाग एकमेकांना मिळून सगळंच पांढरं झालं आणि कळेनासं झालं. साडी, टिकली, मंगळसूत्र सगळं जागच्या जागी असूनही मी लोकांना परदेशी वाटायला लागले. इस्कॉनची बाई असेल, कुणाची तरी गोरी सून असेल, असं काहीबाही.

गमतीचे प्रसंग आधी सांगते. मार्च २०२३ मध्ये एसटीत बायकांना अर्धं तिकीट सुरू झालं, त्यानंतरच्याच आठवड्यातली गोष्ट. कंडक्टरनं माझ्याकडे बघून घसा साफ केला आणि म्हणाला, "मॅडम, यू गो व्हेअर?" मी म्हटलं, "एक कऱ्हाड द्या, अर्धं." तो थबकला. मग मागच्या सीटवरच्या आजोबांना विचारतो, "फॉरेनच्या लेडीजला अर्धं असतंय काय हो?" आजोबा म्हणाले, "अरं, ती कऱ्हाड म्हणली की! कराड नाही म्हणली." या पुराव्यावर मला अर्धं तिकीट मिळालं.

दुसरा प्रसंग एका लेण्यांच्या तिकीटखिडकीवर. कुठली लेणी ते सांगत नाही, तिथला माणूस काही वाईट नव्हता. अजिंठा, वेरूळ, घारापुरी अशा जागतिक वारशाच्या ठिकाणी भारतीयांना ४० रुपये आणि परदेशी माणसाला ६०० रुपये तिकीट असतं. खिडकीवर नवऱ्यानं दोन तिकिटं काढली, ८० रुपये दिले. आत जाताना गेटवर मला अडवलं. मी मराठीत बोलले तर तो म्हणाला, "आजकाल बरेच फॉरेनर मराठी बोलतात, मॅडम, आयडी दाखवा." दाखवलं आधार. त्यानं आधारकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत आधारकडे पाहिलं. "हे तुमचं नाही." मागे शाळेची सहल खोळंबली होती. नवरा चिडला. मी खरंतर त्या माणसाच्या जागी स्वतःला बघत होते. माझ्या टेबलावर असं कार्ड आलं असतं तर मीही कर्ज थांबवलं असतं. शेवटी ५६० रुपयांचा फरक भरून आत गेलो. आमची पोरं खाली उतरून गेली होती, त्यांना शोधायचं होतं.

तिसरा प्रसंग मात्र गमतीचा नाही. मे २०२३, कोकणातलं एक लॉज, रात्री साडेनऊ. रिसेप्शनवरच्या मुलानं पासपोर्ट आणि व्हिसा मागितला. परदेशी पाहुणा उतरला तर लॉजवाल्याला २४ तासांत फॉर्म सी भरून कळवावं लागतं, नाहीतर त्याच्यावर कारवाई होते. त्यामुळे त्याची भीती खोटी नव्हती. आधार दाखवलं तर म्हणाला, "ही तुमची बहीण का?" मालकाला फोन झाला. मालक म्हणाला, जागा नाही म्हणून सांग. नवऱ्यानं आवाज चढवल्यावर त्याच्या नावावर खोली मिळाली. रजिस्टरात माझ्या नावापुढे त्या मुलानं पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं. माझ्या डोळ्यांदेखत, अगदी सुबक. त्या रात्री मी जागीच होते.

माझा मामेभाऊ वकील आहे. त्याला हे सांगितलं तर तो हसला नाही. म्हणाला, "१९४६ च्या परकीय नागरिक कायद्याचं कलम ९ वाच. कोण परदेशी आहे असा प्रश्न निघाला, तर आपण परदेशी नाही हे ज्याचं त्यानं सिद्ध करायचं असतं. समोरच्यानं नाही." (तो कायदा जाऊन सप्टेंबर २०२५ पासून नवा आलाय. सिद्ध करायची जबाबदारी नव्यातही आपल्यावरच आहे.) "आणि आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नसतो, ओळखीचा असतो. तू पासपोर्ट काढून ठेव, नव्या चेहऱ्याचा."

आता एक गोष्ट, जी घरात बोलायलाही मला बरीच वर्षं लागली. परदेशी समजलं जाणं मला सगळ्याच दिवशी डाचत नव्हतं. परदेशी बाई म्हणून लोक उठून जागा देत. लेकरं 'हाय' करत, बाया आपणहून शेजारी येऊन सेल्फी काढत, गालाला गाल लावत. मग मी मराठीत बोलले की पुढचा प्रश्न ठरलेला: "मग तुम्ही एवढ्या गोऱ्या कशा?" मी सांगायची, कोड आहे. की ती गालाला गाल लावणारी बाई पदरानं गाल पुसायची. एकदा रेल्वेत अशीच एक बाई आपल्या डब्यातला लाडू माझ्या हातावर ठेवत होती. कोड म्हटल्यावर तिनं तो लाडू वरून, अंतर ठेवून टाकला. तेव्हापासून कितीतरी वेळा मी नुसती हसून गप्प बसले, होऊ दे मला अर्ध्या तासापुरती जर्मन. कुणी विचारलं की मान हलवायची, इंग्रजीत 'येस येस' म्हणायचं. तर कागद बदलायला एवढी वर्षं का लावलीस, असं जे विचारतात त्यांना याचं उत्तर यात सापडेल. फोटो बदलायचा म्हणजे प्रत्येक खिडकीवर तोंडानं सांगायचं, हो, मीच ती, कोड आहे मला.

सांगायची वेळ आणली ती सासूबाईंनी. त्यांना पशुपतिनाथाला जायचं होतं. नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही, पण आधारही चालत नाही. पासपोर्ट नाहीतर निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र लागतं. पासष्टीच्या वरच्यांना दुसरं फोटो ओळखपत्र चालतं, त्यामुळे त्या निश्चिंत होत्या. माझा पासपोर्ट २०१२ चा, २०२२ मध्येच संपलेला. मतदार कार्डावरचा फोटो तर असा की त्यात मी कुठल्याही रंगाची असू शकले असते. सासूबाई म्हणाल्या, "तुझे कागद होईस्तोवर मी मरत नाही. पण बस लवकर."

पहिली पायरी मी वैद्यकीय दाखल्याची धरली. खाजगी डॉक्टरांचे कागद फाइलभर होते, पण सरकारी शिक्का हवा म्हणून सरकारी रुग्णालयात गेले. केसपेपर काढला, त्वचारोगाच्या ओपीडीच्या दिवशी रांगेत बसले. तिथल्या क्लार्कनं आधी दिव्यांग प्रमाणपत्राच्या टेबलावर पाठवलं. ते लोकही गोंधळतात. कोड २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत येत नाही, तेव्हा तिकडे वेळ घालवू नका. तुम्हाला हवा आहे साधा वैद्यकीय दाखला: अमुक व्यक्तीला व्हिटिलिगो आहे, त्यामुळे त्वचेचा रंग कायमचा बदलला आहे, सोबतचा जुना आणि नवा फोटो एकाच व्यक्तीचा आहे. शेवटचं वाक्य आग्रहानं लिहून घ्या आणि दोन्ही फोटो दाखल्यावरच चिकटवून त्यांच्यावर अर्धा-अर्धा शिक्का मारून घ्या. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी माझ्या कानामागचा ठिपका बघून जुन्या फोटोवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "रंग मिळतो की." सहा प्रती साक्षांकित करून ठेवल्या.

या दाखल्याची खरी गरज फक्त पासपोर्टला लागली, हे आधी कळलं असतं तर आधार आधीच उरकलं असतं. आधारचा फोटो बदलायला कुठलाच कागद लागत नाही. बायोमेट्रिक अपडेट म्हणायचं, तेव्हा १०० रुपये होते, ऑक्टोबर २०२५ पासून १२५ झालेत. आधी अपॉइंटमेंट घेऊन गेलात तर बरं. आणि आधारच पहिलं करा, कारण पुढच्या सगळ्या ठिकाणी तेच मागतात.

आधार केंद्रावरचा मुलगा विशी-बाविशीचा. नंबर टाकल्यावर त्याच्या पडद्यावर काय आलं कोण जाणे, म्हणाला, "काकू, ज्यांचं आहे त्यांनाच यावं लागतं." मी म्हटलं, आधी बोटं घे. दहा बोटं घेतली, मग डोळ्यांच्या बुबुळांचा फोटो. रंग गेला तरी बोटांवरच्या रेषा त्याच राहतात, डोळे तेच राहतात. गेटवरच्या माणसाला, लॉजवरच्या मुलाला जे पटलं नव्हतं ते त्या मशीननं निमूट मान्य केलं.

अडलं ते फोटोवर. मागे पांढरा पडदा, समोरून पांढरा दिवा, मधे मी पांढरी. कॅमेऱ्यात चेहरा उमटेचना. दोन डोळे, नाकपुड्या आणि टिकली एवढंच हवेत तरंगताना दिसत होतं. सॉफ्टवेअर फोटो नाकारायचं. मुलानं दिवा बंद केला तर अंधार. मग त्यानं खिडकी थोडी उघडली, दिवा भिंतीकडे वळवला, म्हणजे उजेड भिंतीवरून आपटून यायला लागला, आणि शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून निळी ओढणी आणून माझ्या खांद्यांवर टाकली. झाला फोटो. तेव्हापासून प्रत्येक फोटोच्या दिवशी मी गडद रंगाची, काठ नसलेली साडी आणि बंद गळ्याचं ब्लाउज घालते, आणि उभं राहण्याआधीच सांगते, "दिवा तोंडावर मारू नका, बाजूला फिरवा." चेहऱ्याला पावडर लावून जाऊ नका, आणखी उजेड मारते. भुवया पेन्सिलीनं रेखायच्या का, यावर मी खूप विचार केला. रोज रेखत असाल तर रेखा, नसाल तर नको. फोटो रोजच्या चेहऱ्याशी जुळायला हवा.

पावती मिळते, तिच्यावर अपडेटचा नंबर असतो, तो जपून ठेवा. स्थिती साइटवर दिसते, १९४७ वर फोन करूनही विचारता येते. मला धाकधूक होती की चेहरा जुळत नाही म्हणून वरून परत पाठवतील. नाही पाठवलं. महिन्याच्या आत फोटो बदलला. ई-आधारची फाइल उघडायला नावाची पहिली चार अक्षरं इंग्रजी कॅपिटलमध्ये आणि जन्मसाल असा पासवर्ड असतो. ती उघडली आणि मी बराच वेळ नुसती बघत बसले. सरकारनं मला या चेहऱ्यानं पहिल्यांदाच पाहिलं होतं. ५० रुपये भरून प्लॅस्टिकचं कार्ड मागवलं, स्पीड पोस्टानं आलं.

मतदार कार्डासाठी नोव्हेंबरमध्ये ऑनलाइन फॉर्म ८ भरला. पत्ता, नाव, फोटो यातलं काहीही दुरुस्त करायचं तर हाच. पैसे पडत नाहीत. बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राच्या पातळीवरचा निवडणूक अधिकारी, म्हणून आमच्या वॉर्डातल्या प्राथमिक शाळेच्या बाई आल्या. त्यांनी माझ्या मुलीला पहिलीला शिकवलेलं, त्यामुळे ओळख पटवायचा प्रश्न आला नाही. चहा झाला, अहवाल गेला. कार्ड फेब्रुवारीत आलं. पॅनचं त्याहून सोपं: दुरुस्तीच्या अर्जात 'फोटो जुळत नाही' या चौकटीत खूण करायची, १०७ रुपये भरायचे, संपलं.

आता पासपोर्ट. जुना असेल तर नवा नव्हे, 'रिइश्यू' निवडायचं. कारण विचारतात तिथं मी मुदत संपल्याचं दिलं आणि शिवाय वैयक्तिक माहितीत बदल म्हणून 'अपिअरन्स', म्हणजे दिसण्यातला बदल, तोही टिक केला. एजंटनं सांगितलं होतं, "ते टिक करू नका, उगाच शंका घेतील, नुसतं मुदत संपली म्हणा." त्याचं ऐकलं नाही, आणि ते बरं झालं, पुढे आत जो प्रश्न आला त्याचं उत्तर अर्जातच होतं. ३६ पानी, दहा वर्षांचा, १,५०० रुपये. तात्काळला २,००० जादा. घाई नव्हती म्हणून साधाच भरला. अपॉइंटमेंट मार्च २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यातली मिळाली. केंद्र कुठलं ते सांगत नाही.

गेटवर सुरक्षारक्षकानं हात आडवा धरला. "फॉरेनर रजिस्ट्रेशन हिअर नो. गो पोलीस कमिशनर." मी नुसता अपॉइंटमेंटचा कागद आणि नवं आधार त्याच्यापुढे धरलं. त्यानं फोटो बघितला, मला बघितलं आणि बाजूला झाला. एका शब्दाचीही गरज पडली नाही. इतकी वर्षं मी तोंडानं जे पटवत होते ते १०० रुपयांत होत होतं, याचा आनंद मानावा की राग, मला तिथं उभ्या उभ्या ठरवता येईना.

आत टोकन मिळतं, मग ए, बी, सी असे तीन टप्पे. ए काउंटरवर कागद स्कॅन होतात, बोटं आणि फोटो तिथंच घेतात, बाहेरून फोटो न्यायची गरज नसते. इथंही मागे पांढरं. पण आता मी सराईत होते. मुलीनं माझं ऐकून दिवा वळवला, दुसऱ्याच खेपेला फोटो बसला. बी काउंटरवर पडताळणी. तिथल्या अधिकाऱ्यांनी जुना पासपोर्ट उघडला, पडदा बघितला आणि चष्मा काढून ठेवला. मी दाखला पुढे सरकवला. सोबत मी आणखी एक गोष्ट नेली होती, ती कुणी मागत नाही, पण न्याच: दर तीन ते पाच वर्षांचा एकेक फोटो, एकाच कागदावर ओळीनं लावलेला. २००५ चा लग्नातला, २००९ चा ओठ पांढरे झालेला, २०१४ चा अर्धा-अर्धा, २०१८ चा, २०२१ चा. त्यांनी तो कागद डावीकडून उजवीकडे सावकाश पाहिला आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईंनाही दाखवला. मग मला म्हणाले, "माझ्या मेव्हणीला आहे. अजून हातावरच आहे." पुढे काही बोलले नाहीत. मी त्यांना पुण्यातल्या डॉ. माया तुळपुळे यांच्या 'श्वेता' संस्थेचं नाव लिहून दिलं, कोड असलेल्यांसाठी ती काम करते. त्यांनी चिठ्ठी खिशात घातली आणि माझी फाइल पुढे गेली. सी काउंटरवर दोन मिनिटं. जुना पासपोर्ट रद्दचा शिक्का मारून परत देतात, तो फेकू नका. जुना चेहरा आणि नवा चेहरा यांच्यातला दुवा तोच आहे.

त्यानंतर सगळं थंड पडलं. १६ मार्चला आचारसंहिता लागली आणि पोलीस बंदोबस्तात गुंतले. पोलीस पडताळणी काही होईना. मी ठाण्यात जाऊन विचारलं, "ताई, निवडणूक होऊ द्या" असं उत्तर मिळालं. त्यांचंही खरं होतं.

दरम्यान ७ मे ला आमच्या सातारा मतदारसंघाचं मतदान झालं. या एका दिवसाबद्दल सांगायचंच आहे. आधीच्या निवडणुकीत मी घरातच बसले होते. मामेभावानं तेव्हा सांगितलं होतं की मतदाराच्या ओळखीवर उमेदवाराच्या एजंटाला हरकत घेता येते, त्यासाठी त्याला दोन रुपये भरावे लागतात. दोन रुपयांत कुणीतरी भर केंद्रात मला 'ही ती नव्हे' म्हणेल, या धास्तीनं मी गेलेच नव्हते. या वेळी नवं कार्ड घेऊन गेले. पहिल्या अधिकाऱ्यानं नाव मोठ्यानं वाचलं. बाकावरचे एजंट माना वर करून बघायला लागले. त्यातला एक आमच्या पतसंस्थेचा थकबाकीदार. तो म्हणाला, "ओळखतो की, दर महिन्याला फोन असतोय यांचा." पांढऱ्या बोटावर ती जांभळी शाई अशी उठून दिसली की भाजीवालीपासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांनी विचारलं, मतदान केलं वाटतं? नखातून ती जायला जुलै उजाडला.

निकालानंतर, जूनच्या मध्यावर, कॉन्स्टेबल घरी आले. आधार, लाइटबिल, रेशनकार्ड, दोन फोटो आणि दोन शेजाऱ्यांच्या आधारच्या प्रती तयार ठेवा. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. आमच्या शेजारच्या काकूंनी तर पार, "हिचं लग्न होऊन आली तेव्हा ही अशी काळी होती, म्हणजे सावळी," इथपासून सुरुवात केली. कॉन्स्टेबलनी हसू दाबत लिहून घेतलं. चहाशिवाय काही घेतलं नाही. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पासपोर्ट छापल्याचा मेसेज आला, मग पोस्टमन. पासपोर्ट ज्याच्या नावाचा त्याच्याच हाती देतात, म्हणून दुपारी सुट्टी टाकून घरी थांबले होते.

दिवाळीनंतर काठमांडूला जाऊन आलो. विमानतळावर एका मुलीनं मला हातानं परदेशी पासपोर्टच्या रांगेकडे वळवलं. मी निळं पुस्तक वर केलं. ती "सॉरी मॅम" म्हणाली. काउंटरवरच्या अधिकाऱ्यानं फोटो आणि चेहरा एकदाच पाहिला आणि शिक्का मारला. पशुपतिनाथाच्या मुख्य देवळात फक्त हिंदूंना सोडतात. दारावरच्या माणसानं माझ्याकडे बघून तोंड उघडलं, तेवढ्यात सासूबाईंनी त्याला मराठीत असं काही सुनावलं की भाषा न कळताही तो मागे सरला. पासपोर्ट पर्समधून काढायचीही वेळ आली नाही.

आता घराबाहेर पडताना मी काय नेते: प्लॅस्टिकचं आधार हाताशी, दाखल्याची प्रत आणि तो ओळीनं लावलेल्या फोटोंचा कागद पर्सच्या आतल्या कप्प्यात, मोबाइलमध्ये सगळ्या कागदांचे फोटो. लेण्यांची, किल्ल्यांची तिकिटं ऑनलाइन काढते. 'भारतीय' निवडून आयडीचा नंबर आधीच भरता येतो आणि मोठ्या ठिकाणी ४० ऐवजी ३५ रुपये पडतात. लॉज बुक करताना फोनवरच सांगून टाकते, "मला कोड आहे, मी पांढरी दिसते, भारतीय आहे, आधारवर फोटो नवा आहे." एकदोघांनी नंतर 'रूम फुल आहे' म्हणून कळवलं. ते परदेशी समजून की कोड ऐकून, हे मी विचारत बसत नाही. दुसरं लॉज बघते.

रेल्वेत मात्र अजूनही कधीकधी मनात येतं की गप्प राहावं, होऊ दे अर्ध्या तासाची जर्मन. परवा एका लहान मुलीनं 'हाय' केलं, मीही 'हाय' केलं, आणि कराड येईपर्यंत तेवढ्यावरच ठेवलं.

ड्रायव्हिंग लायसन्सवर अजून २००८ ची मी आहे. ते २०२८ पर्यंत चालतं, पण तोवर थांबायचं नाही, आरटीओचा अर्ज भरून ठेवलाय. तिथं काय मागतात ते कळलं की तेही लिहीन.